पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे कॅन्सर नव्हे



गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून आलेल्या बाईच्या हातात कागद पडतो. त्यावर ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ असे छापलेले असते. घरातले शिकते पोर तेवढे दोन शब्द वाचून दाखवते आणि घरात रडारड सुरू होते. कोणी म्हणते कॅन्सर झाला. कोणी म्हणते, पिशवीच काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल. आणि काही घरांत तर नवरा बायकोकडे संशयाने पाहू लागतो.

या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. त्या का चुकीच्या आहेत, आणि असा रिपोर्ट आलेल्या बायांपैकी कोणीला उपचाराची गरज आहे व कोणी निर्धास्तपणे थांबू शकते, हे विज्ञान आता पेशीतल्या प्रथिनांवरून कसे ओळखू लागले आहे, ते आजच्या सदरात पाहू. विषय थोडा किचकट आहे, परंतु आपल्या जिवाशी निगडित आहे. एका बैठकीत वाचून झाला नाही तर दोन बैठकांत वाचावा, पण वाचावा. घरातल्या पुरुषांनीही वाचावा.

हळू चालीने येणारा रोग

गर्भपिशवीचा जो खालचा भाग योनीमार्गात उघडतो, त्याला गर्भाशयाचे तोंड म्हणतात. बाळंतपणात हेच तोंड उघडते. या जागी होणारा कॅन्सर आपल्या देशात स्त्रियांचा मोठा वैरी आहे. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. म्हणजे दिवसाला दोनशेहून अधिक मायबहिणी.

यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी की, हा कॅन्सर होण्याआधीच पकडता येतो. निरोगी पेशी बिघडू लागल्यापासून तिचा कॅन्सर होईपर्यंत साधारणपणे दहा ते वीस वर्षे जातात. एवढ्या काळात एकदा-दोनदा जरी नीट तपासणी झाली, तरी बिघडलेला भाग वेळीच काढून टाकता येतो. मग कॅन्सर होतच नाही.

पण तपासणीला जाते कोण? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या ज्या स्त्रियांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली आहे, त्या शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत. कारणे आपल्याला ठाऊक आहेत. दुखत नाही तर दवाखान्यात कशाला जायचे? गेले तर त्या दिवसाचा रोज बुडतो. आणि तिथे कपडे काढून तपासून घ्यायची लाज वाटते. या कारणांपायी रोग आतल्या आत वाढत राहतो. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावर जाणे, घाण वासाचा स्राव होणे, अशी लक्षणे दिसतात तेव्हा बराच उशीर झालेला असू शकतो.

पहिली चाळणी : तीन प्रकार

धान्य घरात आले की आपण ते आधी मोठ्या चाळणीने चाळतो, मग बारीक चाळणीने. रोग शोधण्याचेही तसेच आहे. पहिल्या चाळणीचे तीन प्रकार आहेत.

सर्वांत जुना प्रकार म्हणजे पॅप तपासणी. ग्रीसमध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये काम करणारे डॉ. जॉर्ज पापानिकोलाउ यांनी १९२८ साली प्रथम सांगितले की, गर्भाशयाच्या तोंडाजवळच्या पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर कॅन्सर ओळखता येतो. त्यांची पत्नी मेरी यांनी संशोधनासाठी वर्षानुवर्षे स्वतःच्या पेशींचे नमुने दिले. १९४३ साली डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्याबरोबर त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले आणि तपासणी जगभर गेली. ज्या श्रीमंत देशांनी ती नेमाने चालवली, तिथे या कॅन्सरचे मरण फार कमी झाले. परंतु ही तपासणी पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून आहे. पेशीचा आकार वेडावाकडा आहे का, तिचा मधला गाभा मोठा झाला आहे का, हे नजरेने ठरवावे लागते. साधी सूज असली, जंतुसंसर्ग असला किंवा पाळी गेल्यावरचा कोरडेपणा असला, तरी पेशी वेगळ्या दिसू शकतात. उलट खरोखर बिघडलेली पेशी नजरेतून सुटूही शकते.

दुसरा प्रकार व्हीआयए. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारख्या सौम्य ॲसिडचा बोळा लावतात आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. याला प्रयोगशाळा लागत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन याचा मोठा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाई नव्हत्या. बेताचे शालेय शिक्षण झालेल्या आणि प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. तरीही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले.

तिसरा प्रकार एचपीव्ही तपासणी, म्हणजे रोगाचे कारण असलेला विषाणू आहे की नाही हे पाहणे. तिचे सामर्थ्य जगाला दाखवून दिले ते आपल्याच मराठवाड्यातील खेड्यांनी. त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तिथे ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा अभ्यास १९९९ साली सुरू केला. गावांचे चार गट केले. एका गटात पॅप, एकात व्हीआयए, एकात एचपीव्ही तपासणी झाली, आणि चौथ्या गटात नेहमीचीच वैद्यकीय सेवा चालू राहिली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चौथ्या गटात या कॅन्सरने ६४ स्त्रिया गेल्या होत्या, तर एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मरण जवळजवळ निम्म्यावर आले होते.

चौथ्या गटातल्या स्त्रियांची तपासणी का केली नाही, यावर पुढे नीतीच्या अंगाने टीकाही झाली. ती टीका लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या बायांची किंमत मोजून जे ज्ञान मिळाले, ते आज आपल्या वस्तीत पोहोचत नसेल, तर तो त्यांच्यावर दुसरा अन्याय ठरेल.

विषाणूचा शोध आणि एक काळी माउली

एचपीव्ही हा विषाणू या कॅन्सरचे मूळ आहे, हे जर्मनीचे डॉ. हाराल्ड त्सुर हाउजेन यांनी दाखवले. त्यांच्या प्रयोगशाळेने १९८३ साली कॅन्सरच्या गाठींतून या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार शोधला आणि १९८४ साली १८ क्रमांकाचा. जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर या दोन प्रकारांमुळे होतात. या कामासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा १८ क्रमांकाचा विषाणू ‘हेला’ नावाच्या पेशींमध्येही सापडला. या पेशी आल्या कुठून? अमेरिकेत तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या घराण्यातली हेन्रिएटा लॅक्स ही काळी स्त्री १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. तिला हाच कॅन्सर होता. डॉक्टरांनी तिला न विचारता गाठीचा तुकडा काढून घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी ती वारली. परंतु तिच्या पेशी मात्र प्रयोगशाळेत वाढत राहिल्या आणि आजही वाढत आहेत. जगभरच्या संशोधनाला त्या उपयोगी पडल्या, आणि तिच्या घरच्यांना अनेक वर्षे याचा पत्ताही नव्हता. आज ज्या प्रथिनाविषयी आपण पुढे बोलणार आहोत, ते हेन्रिएटाच्या पेशींत भरपूर प्रमाणात आढळते.

पॉझिटिव्ह म्हणजे नेमके काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एचपीव्हीचे शेकडो प्रकार आहेत. त्यांतले बारा-चौदा प्रकार कॅन्सरच्या दृष्टीने धोक्याचे आहेत. शरीरसंबंधातून ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात. संसार केलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विषाणू लागतोच. सर्दी आली आणि गेली, तसा बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षे गुपचूप पडूनही राहतो. म्हणून आज रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, यावरून विषाणू केव्हा आला आणि कोणाकडून आला हे कोणालाही सांगता येत नाही. या कागदावरून बायकोच्या चारित्र्याची परीक्षा करणाऱ्या नवऱ्याने हे नीट समजून घ्यावे. विषाणू त्याच्याकडूनही आलेला असू शकतो.

एचपीव्ही तपासणीची ताकद तीच तिची अडचणही आहे. तिची चाळणी फार बारीक आहे, त्यामुळे विषाणू सहसा सुटत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर बाई पुढची पाच वर्षे बऱ्यापैकी निश्चिंत राहू शकते. परंतु पॉझिटिव्ह आलेल्या बायांपैकी थोड्याच जणींच्या पेशी खरोखर बिघडलेल्या असतात. बाकीच्यांच्या शरीरात विषाणू आहे, पण त्याने काही नुकसान केलेले नाही. सर्वांनाच मोठ्या दवाखान्यात पाठवले तर रांगा लागतील, पैसा जाईल, विनाकारण उपचार होतील. कोणालाच पाठवले नाही, तर ज्यांना खरी गरज आहे त्या मरतील. म्हणून दुसरी चाळणी हवी. त्यासाठी आता प्रथिनांची मदत घेतली जात आहे.

पेशीतला ब्रेक

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आणि अंडे आठवते. परंतु पेशीच्या आत प्रथिने ही कामगार असतात. एकेका प्रथिनाला एकेक काम नेमून दिलेले असते. पेशीने दुभंगून दोन केव्हा व्हायचे आणि केव्हा थांबायचे, हे ठरवणारीही प्रथिनेच असतात.

एसटीची गाडी डोळ्यांसमोर आणा. चाकाला ब्रेक असतो आणि ड्रायव्हरच्या पायाखाली ब्रेकचे पेडल असते. पेडल दाबले की ब्रेक चाकाला लागतो आणि गाडी थांबते. पेशीमध्ये चाकावरच्या ब्रेकचे काम आरबी नावाचे प्रथिन करते. पेडल दाबणाऱ्या पायाचे काम पी-१६ नावाचे प्रथिन करते. निरोगी पेशीला थांबायचे असेल तेव्हा पी-१६ वाढते, आरबीचा ब्रेक लागतो आणि पेशी दुभंगायची थांबते.

धोक्याचा एचपीव्ही पेशीत ठाण मांडून बसला, की तो ई-७ नावाचे स्वतःचे प्रथिन बनवतो. हे ई-७ आरबीला पकडून निकामी करते, म्हणजे चाकावरचा ब्रेकच काढून टाकते. गाडी उतारावर सुटते. ड्रायव्हर घाबरून पेडल दाबतो, आणखी जोराने दाबतो. पण खाली ब्रेकच नाही, तर गाडी थांबणार कशी? पेशीत नेमके हेच होते. पी-१६ चा साठा वाढत जातो, वाढत जातो, आणि तरीही पेशी थांबत नाही. म्हणून एखाद्या पेशीत पी-१६ फार साठलेले दिसले, तर विषाणूने तिचा ताबा घेतल्याची ती खूण असू शकते.

पी-१६ मधला सोळा आणि विषाणूच्या १६ क्रमांकाचा काही संबंध नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. प्रथिनाच्या नावातला आकडा त्याच्या वजनावरून आला आहे. दोन्हीकडे सोळा आले हा योगायोग आहे. रिपोर्ट वाचताना घोटाळा होऊ नये.

एकट्या पी-१६ वर मात्र भागत नाही, कारण काही निरोगी पेशींतही ते थोडेफार दिसते. त्या पेशी थांबलेल्या असतात, एवढेच. म्हणून दुसरी खूण पाहतात. तिचे नाव केआय-६७. हे प्रथिन दुभंगण्याच्या कामाला लागलेल्या पेशीतच असते, विश्रांती घेणाऱ्या पेशीत नसते. म्हणजे हे फिरणारे चाक झाले. जर्मनीच्या कील शहरातल्या संशोधकांनी १९८३ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. शहराच्या नावातली पहिली अक्षरे आणि प्रयोगाच्या ताटलीतल्या खळग्याचा क्रमांक ६७, यांवरून हे नाव पडले.

आता दोन्ही खुणा एकत्र पाहा. निरोगी पेशीत पेडल दाबलेले असेल तर चाक थांबलेले असते, आणि चाक फिरत असेल तर पेडल दाबलेले नसते. दोन्ही एकाच वेळी दिसत नाहीत. एकाच पेशीत पी-१६ आणि केआय-६७ दोन्ही दिसले, तर पेडल तळापर्यंत दाबलेले आहे आणि चाकही जोरात फिरते आहे. अशा पेशीचा ब्रेक निकामी झाला आहे, असा त्याचा अर्थ होतो.

तपासणी कशी करतात?

बाईच्या दृष्टीने वेगळे काहीच नसते. सिस्टर किंवा डॉक्टर मऊ ब्रशने गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी घेतात आणि औषधी पाण्याच्या बाटलीत टाकतात. त्याच बाटलीतून आधी एचपीव्ही तपासणी करता येते आणि ती पॉझिटिव्ह आली तर उरलेल्या पेशींवर ही दुसरी तपासणीही करता येते. बाईला पुन्हा खेटे घालावे लागत नाहीत. काचेवर पेशी पसरून त्यावर दोन प्रकारची प्रतिपिंडे सोडतात. एक जाऊन पी-१६ ला चिकटते आणि तिथे तपकिरी रंग येतो. दुसरे केआय-६७ ला चिकटते आणि पेशीच्या गाभ्यात लाल रंग येतो. तपकिरी पेशीत लाल गाभा, अशी एकही पेशी दिसली तर तपासणी पॉझिटिव्ह धरतात. पेशीचा आकार कसा आहे यावर वाद घालावा लागत नाही. दोन रंगांमुळे हिला दुहेरी रंगाची तपासणी म्हणतात.

युरोपातल्या पाच देशांत २७ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली आले. उपचाराची गरज असलेल्या प्रत्येक शंभर बिघाडांपैकी पॅपने सुमारे ६८ पकडले होते, तर दुहेरी रंगाने सुमारे ८७. आणि असा बिघाड नसलेल्या बाईला उगाच पॉझिटिव्ह ठरवण्याचे प्रमाण दोन्हींत जवळजवळ सारखेच, शंभरात पाचच्या आसपास होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १,५४९ एचपीव्ही पॉझिटिव्ह स्त्रियांवर पाच वर्षे लक्ष ठेवले गेले. त्याचे निष्कर्ष २०१९ साली आले. ज्यांची दुहेरी तपासणी निगेटिव्ह होती, त्यांच्यात पुढे रोग होण्याचा धोका बराच काळ कमी राहिला होता. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एचपीव्ही पॉझिटिव्ह स्त्रियांची निवड करण्यासाठी या तपासणीला मान्यता दिली. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या मार्गदर्शनात तिला जागा दिली.

ही तपासणी पॉझिटिव्ह आली तरीही तो कॅन्सरचा निकाल नव्हे. त्यानंतर कोल्पोस्कोप या दुर्बिणीतून गर्भाशयाचे तोंड मोठे करून पाहतात आणि जरूर वाटल्यास छोटासा तुकडा काढून तपासतात. कॅन्सरच्या आधीचा बिघाड ठरला, तर तेवढाच भाग उष्णतेने जाळतात किंवा तारेच्या फासाने काढून टाकतात. काम काही मिनिटांचे असते. बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते. गर्भपिशवी जागेवर राहते. तपासणी निगेटिव्ह आली तर डॉक्टर सांगतील त्या मुदतीत, साधारण एक-दोन वर्षांनी, पुन्हा एचपीव्ही तपासणी करायची असते. ती चुकवायची नाही, कारण विषाणू अजून अंगात असू शकतो.

भीती घालून काढलेल्या पिशव्या

या दुसऱ्या चाळणीचे महत्त्व आपल्या महाराष्ट्रात तरी कोणाला पटवून द्यायला नको. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. शासनाने समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. कोणी विशी-तिशीतली होती. अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते, म्हणून दवाखान्यात गेलेल्या अनेकींना ‘पिशवी खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे सांगण्यात आले होते, हे पुढे आले. पाळीच्या दिवसांत मजुरी बुडते आणि खाडा पडला तर मुकादम दंड लावतो. त्या धास्तीनेही बाया तयार झाल्या.

कॅन्सरचा शब्द उच्चारायचा आणि तपासणी मात्र करायची नाही, हा व्यवहार अडाणी बाईच्या भीतीवर चालतो. अंगावरून पांढरे जाणे म्हणजे कॅन्सर नव्हे. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजेही कॅन्सर नव्हे. कमी वयात पिशवी काढली आणि सोबत बीजकोशही काढले, तर हाडे ठिसूळ होतात, अंगातून वाफा येतात, कष्टाची कामे होईनाशी होतात. ज्या बाईचे पोट हातावर आहे, तिला हे परवडणारे नाही. पिशवी काढण्याची गरज काही आजारांत खरोखर असते. पण ती गरज तपासणीच्या कागदावर दिसली पाहिजे. केवळ डॉक्टरच्या तोंडी सांगण्यावर आणि आपल्या भीतीवर ऑपरेशन ठरता कामा नये.

आज आपल्या हातात काय आहे?

खरे सांगायचे तर दुहेरी रंगाची ही तपासणी अजून गावोगावच्या सरकारी दवाखान्यात मिळत नाही. तिला चांगली प्रयोगशाळा लागते, महागडी रसायने लागतात आणि काच वाचणारे तयार हात लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही ती जिथे दर्जेदार प्रयोगशाळा आहेत तिथेच सुचवली आहे. बाईने स्वतः घेतलेल्या नमुन्यावर एचपीव्ही तपासणी चांगली होते, पण दुहेरी रंगासाठी डॉक्टर किंवा सिस्टरनेच नमुना घ्यावा लागतो. विषाणूचे ई-६ हे प्रथिन साध्या पट्टीवर पकडणारी सोपी तपासणीही निघाली आहे. चीनच्या खेड्यांत तिचा अभ्यास झाला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. ती पॉझिटिव्ह आली तर रोग असण्याची शक्यता बरीच असते, पण पुष्कळ बिघाड तिच्या हातून सुटतात. म्हणजे गरीब वस्तीला परवडेल अशी दुसरी चाळणी अजून पुरती तयार झालेली नाही. ती व्हावी, स्वस्त व्हावी, ही मागणी आपण केली पाहिजे.

म्हणून काय, हातावर हात धरून बसायचे? मुळीच नाही. मुंबई आणि धाराशिवच्या बायांचे जीव वाचले ते या नव्या तपासणीने नव्हेत, तर व्हिनेगरच्या बोळ्याने आणि एचपीव्ही तपासणीने. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी करावी, असे केंद्र सरकारने २०१६ साली ठरवून दिले आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात ती कोणत्या वारी होते, हे आशाताईंना विचारा. पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा एचपीव्हीसारखी चांगली तपासणी प्रत्येक स्त्रीची व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एचआयव्ही असलेल्या बहिणींना या कॅन्सरचा धोका सुमारे सहापट असतो. त्यांनी पंचविशीपासूनच तपासणी सुरू करावी.

ज्यांना रक्त जाणे किंवा घाण स्राव होणे अशी लक्षणे आहेत, त्यांनी शिबिराची वाट पाहू नये. थेट डॉक्टरांकडे जावे. घरात वयात येणारी मुलगी असेल तर तिच्या लशीविषयी विचारावे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ सालापासून मिळते. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी करावीच लागते, कारण लस विषाणूच्या सगळ्या धोकादायक प्रकारांवर चालत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. कोणती तपासणी झाली? विषाणू १६ किंवा १८ क्रमांकाचा आहे का? आता पुढची तपासणी कोणती आणि ती कुठे होईल? आणि पिशवी काढायला सांगत असतील, तर तुकड्याच्या तपासणीचा कागद कुठे आहे? विचारायला लाजू नका. उत्तर न देता रागावणाऱ्या डॉक्टरांकडून उठून दुसऱ्या, शक्य तर सरकारी मोठ्या रुग्णालयात जा. प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. कामासाठी गाव सोडावे लागले तर तो बरोबर न्या, कारण पुढचा डॉक्टर त्या कागदावरूनच आपली पुढची पायरी ठरवणार आहे.

एकटीने जायला भीती वाटते, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून एक सुचवावेसे वाटते. विहारात महिला मंडळ जमेल तेव्हा ज्यांना वाचता येते त्यांच्यापैकी कोणीतरी हा लेख मोठ्याने वाचून दाखवावा. मग तिशी ओलांडलेल्या बायांची यादी करावी आणि पाच-सहा जणींनी मिळून एकाच दिवशी तपासणीला जावे. सोबत असली की लाज कमी वाटते, आणि ज्या बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल तिला घरी घेऊन जाऊन समजावून सांगणारेही कोणी असते.